चढती कड

कॅमेऱ्याला आपणहून दिसत नाही.
हे मी शेटेंना तीनदा सांगितलं, त्यांना पटलं नाही.
मग एवढे पैसे कशाचे, म्हणाले.
डोळा आहे हो,
पण पापणी त्याची त्याच्या हातात नाही.
पट्ट्याकडेचा सेन्सर आधी बघतो,
चोवीस व्होल्टची एक टिचकी वायरीतून येते,
ती कार्डाला थेट सोसत नाही,
म्हणून मध्ये एक दिवा, तांदळाच्या कणीएवढा.
अलीकडून तो पेटतो,
पलीकडून कुणीतरी त्याला पेटलेला पाहतं,
दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही.
मग कार्ड ठरवतं ही टिचकी कुणाची,
एक नंबरची की तीनची.
मग पापणी.

तासगावच्या बाहेर, मणेराजुरीच्या रस्त्याला,
पत्र्याच्या शेडात रात्रीचे पावणेतीन.
गंधकाचा वास नाकात बसलेला.
हिरवा बेदाणा, पिवळा बेदाणा, खाचेखाचेतून पुढं,
आणि काळा आला की नळीतून हवा: फट्.
फट् होत होतं.
पण काळा तसाच पुढं जात होता
आणि त्याच्या मागचा, सोन्यासारखा,
उडून गाळात पडत होता.

अस्लम जमादारनं मोटारीची केबल बाजूला सरकवली.
शील्ड एकाच टोकाला अर्थ केली.
खोट्या टिचक्या थांबल्या,
रिकाम्या खाचांचे फोटो थांबले,
(चौदाशे निघाले होते, नुसत्या पट्ट्याचे,
मी ते पुसता पुसता एकेक बघत होतो, का कोण जाणे)
पण थोबाडीत बसत होती ती मागच्यालाच.

सगुणाबाई मगदूम गाळाच्या टोपलीशी बसलेल्या.
सव्वीस वर्षं बोटांनी निवडलेलं,
आता मशीननं टाकलेलं पुन्हा निवडायचं, एवढंच काम.
त्यांनी मान वर केली नाही.
म्हणाल्या,
ह्यो येताना बगत न्हाई. गेल्यावर बगतोय.

मी स्क्रीनवर गेलो.
तिसरी ओळ, चौथा रकाना.
कार्ड टिचकी ओळखत होतं ती उतरताना:
खाच सेन्सरपुढनं निघून गेल्यावर,
वीज खाली येते त्या कडेवर.
कोल्हापूरच्या पोराने तसं ठेवलं असेल,
किंवा मीच, मार्चमध्ये, घाईत.
आठवत नाही.
(आठवतं.)

उतरती काढली. चढती केली.
एक शब्द बदलला, बस्स.
तरी खात्री कशी करायची?
लॉट संपत आलेला, काळा काही येईना.
तेव्हा बाई उठल्या,
पदराच्या गाठीतून एक काळा बेदाणा काढला
(कधीचा ठेवला होता, विचारलं नाही)
आणि चालत्या पट्ट्यावर, नेमका खाचेत,
ठेवायला हात घातला.

फट्.

हवा त्यांच्या बोटांवर बसली.
हिरव्या बांगड्या मनगटावर मागं सरकल्या.
स्क्रीनवर फ्रेम सतरा हजार दोनशे आठ:
तीन बोटं, वाकडं नख, भेगांत मुरलेली साखर,
इतकं स्वच्छ की पट्टा धावत होता हे कळू नये.
खाली मशीननं लिहिलेलं: दोषयुक्त.

मला बी टाकलं की रं भाईर,
म्हणाल्या आणि हसल्या,
अस्लम हसला,
मी कीबोर्डकडं बघत राहिलो.

पुढच्या खाचेतून काळा आला. फट्. गेला.
मागचा सोन्यासारखा, तसाच, सरळ खोक्यात.
शेटेंना सकाळी फोन करीन.

नियम असा की चाचणीच्या फ्रेम पुसायच्या.
चौदाशे रिकाम्या पुसल्या.
सतरा हजार दोनशे आठवर बोट ठेवून
मी थांबलो,
कुणीतरी टिचकी द्यायची वाट बघत.